बाबा, नाव तुम्ही सांगा




पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही ‘जेवली का?’ आणि ‘पोरं बरी आहेत ना?’ याच्यापुढे जात नाही, आणि मी जरा पुढे गेले की फोन आईच्या हातात देता. म्हणून लिहायला बसले. दुपारी दीड-दोनला, सदरच्या बाजारात ऊन तापलं की दुकानात गिऱ्हाईक नसतं. तेव्हा वाचा. एका दमात वाचायची गरज नाही.

मधलीबद्दल लिहायचं आहे. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का म्हणून तिला विचारलं होतं. म्हणाली, “पत्र बाबांनाच आहे ना? मग नाव कशाला? ओळखतील.”

ओळखता ना, बाबा?

आधी तुमचे आभार मानायचे आहेत, कारण ते या घरात कुणी कधी मानले नाहीत. तुमच्यासमोर असं काही बोललं की तुम्ही उठून निघून जाता. आठवतं का, आम्ही तिघं लहान असताना दिवाळीच्या आधी मंगळवारी बाजाराच्या बाजूने टाळ्या वाजवत किन्नरांची टोळी यायची? आजूबाजूचे दुकानदार शटर अर्धं खाली ओढून घ्यायचे. तुम्ही स्टूल पुढे सरकवायचे, पोऱ्याला चहा सांगायचे, पैसे हातात द्यायचे आणि आशीर्वादासाठी डोकं पुढे करायचे. मी एकदा विचारलं, बाबा, भीती नाही वाटत? तुम्ही म्हणालात, “भीती कायची? तेही मायबापाचेच लेकरं आहेत.” मधली तेव्हा कटिंगच्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करत होती. तिने ते ऐकलं आणि मनात जपून ठेवलं. हे तिने मला खूप वर्षांनी सांगितलं. तुम्हाला अजून सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते.

आणि तो पेपर? २०१८चा फेब्रुवारी होता. नागपूरच्या तृतीयपंथी विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायाधीश म्हणून बसल्या, ही बातमी तुम्ही आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलीत. त्यांच्या आधी देशात पश्चिम बंगालच्या जोयिता मंडल यांना असा मान मिळाला होता, आदल्याच वर्षी. “पाहा, आपल्या नागपूरचं नाव काढलं बाईनं,” असं म्हणालात. ‘बाईनं’ म्हणालात, बाबा. सहज म्हणालात, कुणी शिकवलं नव्हतं. ती तेव्हा कॉलेजात होती, घरात कुणाला काही कळलेलं नव्हतं. तुम्ही पेपर ठेवून आंघोळीला गेल्यावर तिने ती बातमी कापून घेतली. संध्याकाळी पेपरला भोक दिसलं तेव्हा तुम्ही धाकट्यावर ओरडलात. ती बातमी अजून तिच्या कपाटात आहे.

म्हणजे दुसऱ्याच्या लेकराबद्दल तुमचं मन पहिल्यापासून मोठं होतं. आपलं लेकरू तसं निघालं तेव्हा काय झालं, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. २०२०च्या टाळेबंदीत दुकान बंद होतं आणि मशीन तुम्ही घरी आणली होती. मास्क शिवायचं काम होतं, ती शेजारी बसून इलॅस्टिक कापून देत होती. कापता कापताच तिने सांगितलं. तुम्ही मशीन थांबवली नाही. आई सांगते, त्या दिवशी तुम्ही रात्रीपर्यंत शिवत राहिलात. ऑर्डर संपली तरी शिवत राहिलात.

मग तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही ओरडला नाहीत, हात उगारला नाहीत, घराबाहेर हो म्हणाला नाहीत. फक्त तिच्याकडे न पाहता जेवायला लागलात. मीठ तिच्या हाताशी असलं तरी आईकडे मागायचात. बाबा, तो काळ तिला कसा गेला असेल? त्याचा हिशोब मी आज मागत नाही. पण तो काळ नव्हताच असंही आपण करू नये.

कारण तो काळ संपवलात तेही तुम्हीच. महालक्ष्म्या आल्या. तुम्ही जन्मभर शर्ट-पँट आणि शाळांचे गणवेश शिवलेत. बायकांचं शिवण वर्षातून एकदाच हाती घेणार, महालक्ष्म्यांच्या पोलक्यांसाठी. आणि साड्या नेसवणार मधली, अगदी शाळेत असल्यापासून. तिच्यासारख्या निऱ्या कुणाला जमत नाहीत म्हणून अमरावतीची आत्या किती कौतुक करायची! त्या वर्षी ती देवघराच्या दाराशीच उभी राहिली. आत यावं की नाही, तिला कळेना. तुम्ही पोलकी तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, “हात तुझाच बसलाय. घे.” आई म्हणते, त्या दिवशी आंबील कशी झाली होती ते कुणालाच आठवत नाही.

दिवाळीच्या आधी तिच्या गादीवर घडी घातलेला सलवार-कुर्ता होता. माप कधी घेतलंत? टेप तर लावलीच नव्हती. नजरेने घेतलंत ना? खांदा, बाही, छाती, सगळं बरोबर बसलं. सदरमध्ये एवढे लेडीज टेलर आहेत, पण तिने आजतागायत एकाकडेही कपडे टाकलेले नाहीत. तुम्हालाही ते माहीत आहे, कारण तिचे कपडे तुमच्या टेबलावर बाकीच्या ऑर्डरींच्या आधी लागतात.

घर असंच रुळावर आलं. कुणी बसून ठरवलं नाही. धाकट्याने कूलरसमोरच्या जागेवरून तिच्याशी पुन्हा भांडायला सुरुवात केली, तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. नवतपात आपल्या घरी कुणी कुणाला कूलरची हवा सोडत नाही. ज्याच्याशी त्यावरून भांडतो तोच घरचा. संक्रांतीला आईने हळदीकुंकवाचं वाण लुटायला तिला बसवलं. शेजारच्या आंटींनी नाताळच्या केकचा डबा तिच्या हातात दिला आणि तिला ‘बेटी’ म्हणाल्या. आणि तुम्ही? सुरुवातीला तिच्या ओढण्या, कुर्ते आतल्या खोलीतच वाळायचे, फॅनखाली. कुबट वास यायचा. एका रविवारी तुम्ही ते सगळे उचललेत, गॅलरीतल्या दोरीवर टाकलेत, चिमटे लावलेत आणि खाली बसून दाढी केलीत. समोरच्या तिन्ही मजल्यांना दिसलं. कुणी काही बोललं? बोललं असेल, पण तुमच्यापर्यंत यायची हिंमत झाली नाही.

मग जिल्हाधिकारी कार्यालयाची ती खेप. ऑनलाइन अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. त्यापुढे आधार, बँक, पॅन. सारथी ट्रस्टच्या लोकांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. ती एकटी जाऊ शकली असती. तुम्ही सकाळीच दुकानाला कुलूप लावून तिच्यासोबत निघालात. नोटरीने मान वर न करता विचारलं, “सोबत कोण?” तुम्ही म्हणालात, “मी तिचा बाप.”

बाबा, मला आता इथून पुढचं बोलायचं आहे.

अनोळखी नोटरीला तुम्ही जे सांगितलंत, ते ओळखीच्यांना का सांगत नाही? अमरावतीला चुलतबहिणीच्या लग्नात मोठ्या काकांनी विचारलं, “मधला काय करून राहिला आता?” तुम्ही म्हणालात, “पुण्याला आहे. नोकरी आहे तिकडे. सुट्टी नाही भेटली.” त्या वेळी ती सदरच्या घरी होती. आपण परत येऊ तेव्हा गरम जेवायला मिळावं म्हणून कणीक भिजवून बसली होती. तुम्ही जे बोललात ते धाकट्या चुलतभावाने तिला मेसेज करून हसत हसत सांगितलं. तिने आल्यावर आपल्याला वाढलं. एक शब्द बोलली नाही. तुम्ही दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात. तिला कळलंय हे तुम्हाला कळलं होतं, हो ना?

कशासाठी, बाबा? सदरमधल्या कितीतरी दुकानांचे जीएसटी रिटर्न ती भरते. रेसिडेन्सी रोडवरचे कापडवाले तिला मॅडम म्हणतात आणि तारीख जवळ आली की आधी तिला फोन करतात. तुमच्या शेजारचे ते काका, जे एकेकाळी टोळी आली की शटर ओढायचे, ते परवा तिच्यासाठी स्टूल पुसत होते. बाजाराला ठाऊक आहे. गल्लीला ठाऊक आहे. मग हे झाकणं नेमकं कुणापासून?

आपण सगळ्यांनी मिळून ‘ताली’ ही मालिका पाहिली होती, २०२३ साली. गौरी सावंत यांची गोष्ट. पुण्यातल्या पोलीस अधिकाऱ्याचं घर, आणि तिथून बाहेर पडून मुंबई गाठलेली लेक. पुढे तिने ‘सखी चार चौघी’ ही संस्था उभी केली, एका मुलीची आई झाली, सर्वोच्च न्यायालयात दाद मागणाऱ्यांत उभी राहिली. तुम्ही मध्येच पाणी प्यायला उठलात आणि बराच वेळ आला नाहीत. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींना मात्र ठाण्याच्या घरातून आईवडिलांनी बाहेर काढलं नाही. तुमच्यात ते बळ आहे. तुम्ही तिला धरून ठेवलंत. पण नुसतं आत धरून ठेवणं तिला आयुष्यभर पुरेल का?

तुम्हाला २०१४ आठवतं? १४ एप्रिलच्या संध्याकाळी आपण संविधान चौकात जयंतीची रोषणाई पाहायला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, दिल्लीत न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी निकाल दिला की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. आपल्या घरात त्या निकालाची चर्चाही झाली नाही. तिने मात्र तो वाचला होता. आता त्याच चौकातून प्राइड मार्च निघतो तेव्हा ती जाते. निघताना तुम्ही ‘पाण्याची बाटली घेतली का?’ एवढंच विचारता. तिला तेवढं पुरतं. मला पुरत नाही.

लोक तुम्हाला सांगतात ना, “मास्तर, तुमचं मन मोठं. तुम्ही स्वीकारलं.” हे ऐकून तुम्ही खाली पाहता. मला त्याचा राग येतो, बाबा. तुमचा नाही, त्या बोलण्याचा. मला कुणी स्वीकारलं होतं का? धाकट्याला? आम्ही जन्मलो आणि घरचे झालो. तीही जन्मली आणि घरचीच झाली. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्यात एक कलम आहे, बारावं. केवळ पारलिंगी आहे म्हणून कुणा लेकराला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईबापापासून तोडता येणार नाही. आईवडील राहतात त्या घरात राहण्याचा, तिथलं सगळं वापरण्याचा, तिथून हाकलून न दिलं जाण्याचा हक्क त्या व्यक्तीला आहे. ते वाचलं तेव्हा मी थांबलेच. ज्या घरात जन्मलो तिथे राहण्याचा हक्क संसदेला लिहून द्यावा लागतो, म्हणजे किती घरांनी किती लेकरं बाहेर काढली असतील! आपल्या घराला त्या कलमाची गरज पडली नाही, हे तुमचं पुण्य. पण ते तिच्यावरचे उपकार नव्हेत. तिने त्याची परतफेड गप्प राहून करावी, आतल्या खोलीत बसून करावी, पाहुणे आले की मैत्रिणीकडे जाऊन करावी, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तरी ती तसं करते. का करते, विचारलंत कधी?

२०११ला जनगणनेवाले आले होते. तुम्ही दारात उभं राहून सगळ्यांची नावं सांगितलीत. त्या वेळी पुरुष आणि स्त्री यांच्याशिवाय तिसरा रकाना पहिल्यांदाच ठेवला होता. देशभरातून त्यात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसांची नोंद झाली, महाराष्ट्रातून ४० हजार ८९१. ती शाळेत होती, तुम्हाला ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. पण तो आकडा वाचला की मला दारात उभे असलेले बाप दिसतात. प्रगणक विचारतो, घरात कोण कोण? आणि बाप सांगेल तेवढीच माणसं त्या घरात असतात. आता २०२७ची जनगणना येते आहे. कुणी तरी पुन्हा दारात उभं राहील. तुम्ही काय सांगाल?

त्याच्याही आधी धाकट्याचं लग्न आहे.

परवा त्याने पत्रिकेचं प्रूफ पाठवलं. मी तीनदा वाचलं. ‘आपले नम्र’च्या खाली सगळे आहेत. मोठे काका आहेत, जावई आहेत, मी आहे, आत्याचा नातूसुद्धा आहे. माझ्या पोरांची ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ आहे. ती नाही. तिचं जुनं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, हे मी पाहिलं. लिहिलं असतंत तर मी फोन करून भांडले असते. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. माझ्या नावानंतर थोडी जास्त जागा सुटली आहे. प्रेसवाल्याची चूक आहे, की तुमचा हात तिथे थांबला?

आई म्हणते, यात लाज नाही, भीती आहे. भर मांडवात कुणी तिला काही बोललं तर तुम्हाला सहन होणार नाही, म्हणून तुम्ही तिला पुढे करत नाही. मला ते पटतं. तुम्ही मुळात घाबरट नाही, तिच्यासाठी घाबरता. पण बाबा, जरा उलटं पाहा. पत्रिकेत नाव नसलं आणि ती मांडवात दिसली, तर लोक तुमच्या तोंडाकडे पाहणार, कुजबुजणार, धाडस करणार, कारण बापानेच लपवलं म्हणजे बोलायला मोकळीक आहे, असंच त्यांना वाटणार. पत्रिकेत नाव असलं, तर जो कुणी येईल तो वाचून येईल. ज्याला पटणार नाही तो घरीच बसेल. अक्षता टाकायला येणाऱ्याला कसं वागायचं ते तुम्ही आधीच सांगितलेलं असेल. तिला जपायचं असेल तर याहून मोठी ढाल तुमच्याकडे नाही.

भंडाऱ्याचे व्याही काय म्हणतील याची काळजी असेल, तर ती सोडा. सूनबाईने आपल्या आईवडिलांना साखरपुड्याच्या आधीच सगळं सांगितलं आहे. तिने आम्हा दोघी नणंदांसाठी एकाच दुकानातून साड्या घेतल्या आहेत. करवल्या दोन असणार, असं तिने मला बजावलं आहे. म्हणजे बघा, जी अजून उंबरठ्याच्या आत आलेली नाही तिने ठरवून टाकलं. जिची तुम्हाला सर्वांत जास्त काळजी, तीही वाट बघून आहे. ती मागणार नाही. तुमच्याकडे तिने आजवर काही मागितलंय का? कुर्ताही मागितला नव्हता.

तुम्ही लहान पोरांचे गणवेश शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त ठेवता. पुढच्या वर्षी पोरगं वाढलं की उसवून मोठं करता. आईबापांना वाटतं, मास्तरांनी कपडा फुकट घालवला. आणि जूनमध्ये तेच तुम्हाला दुवा देत येतात. आपलं घरही तुम्ही तसंच शिवलंत, म्हणून ते फाटलं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की आता ती वाढली आहे. आतलं कापड बाहेर काढायची वेळ झाली.

मी रागावलेली नाही. म्हणजे थोडी आहे, पण तुमच्यावर रागावता येतं म्हणूनच आहे. किती जणींना बापावर रागावायला बापच उरलेला नसतो! तिला आहे. टेप न लावता तिचं माप ओळखणारा आहे. त्याने चारचौघांत तिला नावाने हाक मारावी, एवढंच राहिलंय.

तर पत्रिकेत नावं वयाच्या क्रमाने येऊ द्या. आधी मी, मग ती. तिचं नाव तिच्या ओळखपत्रावर आहे तसंच छापायला सांगा, पुढे तुमचं नाव आणि आडनाव जोडून. ऱ्हस्व-दीर्घ एकदा तिलाच विचारा, दुसऱ्या कुणाला नको. उद्या दुपारपर्यंत प्रेसवाला थांबणार आहे. त्याला मी फोन करणार नाही, आईलाही करू देणार नाही, आणि धाकट्यालाही तशी ताकीद दिली आहे. तो फोन तुम्ही करायचा, आणि तो ‘ही कोण?’ म्हणून विचारेल तेव्हा उत्तरही तुम्हीच द्यायचं.

तुमची थोरली